लाकूड, कापड आणि कागद
जुने ग्लायडर विकत घेऊन दुरुस्त करू पाहणाऱ्यांसाठी प्रस्तावना

उमरखेडच्या बाजारात मे महिन्याच्या अखेरीस पावसाची भाषा सुरू होते, ती नक्षत्रांच्या नावांनी. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा. सरकीचे बियाणे कधी टोचायचे, नांगरटीला किती दिवस उरले, उधारी कुठवर ताणायची, सगळे हिशेब याच तीन नावांभोवती फिरतात. हीच नावे एकेकाळी दिल्लीतल्या एका सरकारी कार्यशाळेत विनाइंजिनाच्या विमानांना दिली गेली होती, हे मात्र पैनगंगेच्या खोऱ्यात फारसे कुणाच्या कानावर गेलेले नाही. नागरी विमान वाहतूक खात्याच्या सफदरजंग विमानतळावरील तंत्र केंद्राने १९५० च्या दशकापासून जी ग्लायडरे आखली, त्यांची नावे अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर आणि आर्द्रा. पंचांगात नक्षत्रांचा जो क्रम, जवळपास तोच. प्रत्यक्ष उड्डाणांनी तो क्रम काही पाळला नाही. रोहिणी १९६१ च्या मे महिन्यात उडाले आणि कार्तिक त्याच्यानंतर, १९६३ च्या मार्चमध्ये.

या मालिकेतले रोहिणी सर्वांत जास्त संख्येने बनले. शिकणारा आणि शिकवणारा शेजारी-शेजारी बसतील असे दोन आसनी, डोक्यावर छत नसलेले, साडेसोळा मीटरच्या आसपास पंखविस्ताराचे लाकडी ग्लायडर. कार्तिक एका माणसाचे, १५ मीटर पंखांचे, स्पर्धांच्या मापात बसणारे. ग्लायडिंग क्लब आणि एनसीसीच्या हवाई शाखेतल्या मुलामुलींच्या हाती रोहिणी आणि पुढे आर्द्रा आली, आणि जमीन सोडण्याचा पहिला अनुभव अनेकांनी त्यांच्यातच घेतला. ही लाकडी पिढी रोजच्या उड्डाणांतून केव्हाच निवृत्त झाली. एखादे जुने ग्लायडर मिळवून, उघडून, पुन्हा नीट उभे करण्याची ओढ भारतात कुणाला लागलीच, तर त्याने युरोपातल्या जाहिराती चाळण्याआधी या घरच्या मालिकेकडे पाहावे, असे पुढच्या पानांचे म्हणणे आहे. पण ही ओढ मुळात येते कुठून, हे समजायला युरोपात जावेच लागते.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आणली. इंजिन नसलेल्या विमानाबद्दल तहात कुणी काही लिहिले नव्हते. १९२० मध्ये ऑस्कर उर्सिनस या संपादक-अभियंत्याच्या पुढाकाराने ऱ्होन डोंगरातल्या वासरकुप्पे नावाच्या बोडक्या माथ्यावर तरुण मंडळी आपापली लाकडी पाखरे घेऊन जमली. सुरुवातीला मिनिटांचा हिशेब होता. दोनच वर्षांत, १९२२ मध्ये, हानोवरच्या विद्यार्थ्यांचे ‘व्हॅम्पायर’ नावाचे ग्लायडर तीन तासांहून अधिक वेळ हवेत राहिले. तिथून पुढे सायलेसियातल्या ग्रुनाऊ गावात एडमंड श्नायडरने १९३१ मध्ये ‘ग्रुनाऊ बेबी’ बनवले आणि त्याचे आराखडे देशोदेशी गेले. शाळेच्या सुतारशाळेत, क्लबच्या शेडमध्ये, कुणाच्या गोठ्यातही ती हजारोंनी बनली. दुसऱ्या महायुद्धानंतर रुडॉल्फ कायझरने वासरकुप्पेच्या पायथ्याशी श्लायशर कारखान्यासाठी का-६ आणि का-८ आखली. आज युरोपातल्या कुठल्याही जुन्या हँगरमध्ये डोकावले तर यांपैकी एखादे तरी दिसण्याचा संभव मोठा.

मग १९५७ मध्ये स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांनी काचतंतूचे ‘फिनिक्स’ उडवले. गुळगुळीत, टणक, पावसाला न भिणारे. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्पर्धेतले लाकूड जवळजवळ संपले. ज्या ग्लायडरवर दोन पिढ्या शिकल्या ते ट्रेलरात बंद झाले, ट्रेलर कोठाराच्या मागे गेला, आणि वर गवत वाढले. ही वाताहत पाहून ज्यांना राहवले नाही, त्यांत ख्रिस विल्स हे इंग्रज गृहस्थ होते. १९५२ चे जगज्जेते ग्लायडरपटू फिलिप विल्स यांचे हे चिरंजीव. १९७३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने व्हिंटेज ग्लायडर क्लब उभा राहिला. त्याचे सभासद जुनी यंत्रे शोधतात, आराखडे जपतात, आणि दर उन्हाळ्यात कुठल्या तरी देशात आपापली दुरुस्त केलेली ग्लायडरे घेऊन जमतात. तिथे बक्षिसापेक्षा गप्पांना मान असतो, आणि गप्पांचा विषय बहुधा सरस, म्हणजे लाकूड चिकटवण्याचा गोंद.

आता मुद्द्याचे. युरोपात का-८ किंवा तत्सम लाकडी ग्लायडर आजही काही हजार युरोंत मिळते, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम मोटारीहून स्वस्त. “दुरुस्तीयोग्य” असा शेरा असलेले तर कधी कधी फुकटातही देतात. न्यायचा ट्रेलर मात्र विकत घ्यावा लागतो. ही स्वस्ताई पाहून भुरळ पडते. परंतु जुन्या ग्लायडरची विक्रीची किंमत त्याच्या खऱ्या खर्चाचा सर्वांत लहान भाग असते. संपूर्ण दुरुस्तीला हजार तास लागले तर जाणकार भुवया उंचावत नाहीत. शनिवार-रविवार काम करणाऱ्या माणसाने हे हजार तास स्वतःच्या पंचांगात बसवून पाहावेत. चार-पाच उन्हाळे सहज जातात.

स्वस्त मिळण्यामागे कधी कधी अगदी ठोस कारण असते. चेकोस्लोव्हाकियातले एल-१३ ब्लानिक हे धातूचे दोन आसनी ग्लायडर १९५६ मध्ये पहिल्यांदा उडाले आणि पुढे हजारोंनी बनून जगभर पसरले. जून २०१० मध्ये ऑस्ट्रियात एका ब्लानिकचा पंख हवेत तुटला आणि आतली दोन्ही माणसे गेली. तपासात पंखाच्या मुख्य स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या कण्याला, थकव्याचा तडा आढळला. विमान सुरक्षा यंत्रणांनी हा सगळा ताफा जमिनीवर बसवला. त्यानंतर ब्लानिक मातीमोल भावाने विकायला निघाली. बाहेरून पाहिले तर चकचकीत, ओरखडाही नाही. ज्यांनी केवळ रूप पाहून घेतले त्यांच्याकडे अंगणात ठेवायची शोभेची वस्तू आली. धातूचा थकवा डोळ्यांना दिसत नाही, तो तासांच्या नोंदीतच दिसतो. लाकडाची गोष्ट वेगळी. लाकूड वयाने थकत नाही, ओल आणि सरस त्याचा घात करतात.

म्हणून खरेदीला जाणाऱ्याने पहिल्यांदा नाकाचा उपयोग करावा. ट्रेलरचे दार उघडल्याबरोबर कुबट वास आला, तर बाकीची तपासणी अर्धी झालीच. १९३० आणि ४० च्या दशकांतल्या ग्लायडरांमध्ये बहुधा केसिनचा सरस असतो. केसिन म्हणजे दुधातले प्रथिन, त्यात चुना मिसळून हा सरस तयार व्हायचा. कोरड्या जागी तो साठ-सत्तर वर्षेही टिकल्याची उदाहरणे आहेत. पण दूध ते दूधच, ओल लागली की बुरशी त्याला खाते. नंतरच्या काळात आलेल्या युरिया-फॉर्मल्डिहाइड सरसाला बुरशीचे भय नाही, पण सांधा घट्ट बसलेला नसेल आणि सरसाचा थर जाड राहिला असेल, तर तो वर्षांनुवर्षे ठिसूळ होत तडकत जातो. सततची उष्णता आणि दमटपणा आळीपाळीने मिळाला तर लवकर. मे महिन्यात ४४-४५ अंश आणि ऑगस्टमध्ये भिंतींना पाझर, हे वऱ्हाडातले चक्र अशा सरसासाठी जणू मुद्दाम रचलेले आहे.

तपासणीची पद्धत पाहण्यासारखी आहे. पंख दोन घोड्यांवर उलटा ठेवतात. खालच्या बाजूला मागच्या काठाजवळ पाणी निचरण्यासाठी बारीक छिद्रे असतात, ती रंगाने बुजली आहेत का ते आधी बघतात. बुजलेले एक छिद्र म्हणजे आत कित्येक पावसाळ्यांचे साचलेले पाणी असू शकते. मग पुढच्या काठावरच्या प्लायवुडवर एखादे नाणे हलकेच वाजवत जातात, दर दोन बोटांवर एक टिचकी. चांगल्या चिकटलेल्या जागी आवाज खणखणीत आणि सारखा येतो. सांधा सुटलेला असेल तिथे तो अचानक भद्द होतो. त्या जागी पेन्सिलीने गोल करायचा. गोल सुटे-सुटे आले तर हरकत नाही, ते एका रेषेत स्पारवरून चालू लागले तर विक्रेत्याचे आभार मानून चहा पिऊन परत यावे. त्यानंतर टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पंखाच्या मुळाशी, जिथे लोखंडी पट्ट्या लाकडाला बोल्टने जखडलेल्या असतात, तिथे पाहायचे. पट्टीभोवतीचे लाकूड काळे-निळे पडले असेल तर लोखंड गंजले आहे आणि लाकूडही त्याच्याबरोबर गेले आहे. शेवटी शेपटीचा तळ. ग्लायडर नेहमी शेपटीवर टेकून उभे राहते, त्यामुळे सगळे पाणी तिथेच उतरते, आणि उंदरांनाही तीच जागा आवडते.

विदर्भात यात वाळवीची भर. परदेशी पुस्तकांत तिचा उल्लेख फारसा सापडत नाही, कारण लिहिणाऱ्यांना ती भेटलेली नसते. आपल्याकडे एखाद्या गोदामात दहा वर्षे जमिनीवर ठेवलेला पंख बाहेरून अखंड आणि आतून मातीचा निघू शकतो.

वाईट भाग काढून नवा बसवायचा, तर लाकूड कुठले? उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्याच्या बाजूला साग आहे, आणि इथल्या कुठल्याही मिस्त्रीला विचारले तर तो सागाशिवाय दुसरे नाव घेणार नाही. दारे-खिडक्यांसाठी त्याचे बरोबरच आहे. ग्लायडरसाठी मात्र साग चालत नाही. त्याचे वजन घनमीटरला साडेसहाशे किलोच्या घरात जाते, तर विमानात वापरतात ते स्प्रूस सव्वाचारशेच्या आसपास असते आणि वजनाच्या मानाने ताकद भरपूर देते. शिवाय सागात तेल असते; वाळवी त्याला टाळते ते त्यामुळेच, पण सरसही त्याला नीट धरत नाही. म्हणजे जो गुण घरासाठी मोलाचा, तोच इथे आडवा येतो. विमानाच्या दर्जाचे स्प्रूस आणि बर्चचे प्लायवुड प्रमाणपत्रासह मागवावे लागते. कोणत्या झाडाचे, किती ओलाव्याचे, कोणत्या तपासणीतून गेलेले, याचा कागद लाकडाबरोबर यायला हवा.

मिस्त्रीचे कसब मात्र इथे पुरेपूर कामी येते. प्लायवुडला ठिगळ लावताना दोन तुकडे नुसते काठाला काठ भिडवून चालत नाही. दोन्हींचे काठ तिरके उतरवून एकमेकांवर बसवायचे असतात, आणि हा उतार साधारण एकास बारा ठेवतात. दीड मिलिमीटर जाडीचे प्लायवुड असेल तर १८ मिलिमीटर रुंदीत ते शून्यावर आणायचे. रंधा अगदी धारदार हवा, पाते केसभर बाहेर. उतरत्या काठावर प्लायवुडचे थर पट्ट्यापट्ट्यांनी उघडे पडतात. त्या पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या दिसल्या की उतार बरोबर आला, वाकड्या दिसल्या की कुठेतरी हात जड पडला. मोजपट्टी लावण्याआधीच डोळ्याला ते कळते. मग सरस, वरून मेणकागद, फळी आणि शिकंजे, आणि सरस वाळेपर्यंत हात मागे. त्याच बैठकीतल्या सरसाचा एक नमुना-सांधा वेगळा करून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो तोडून पाहायचा. सांधा सुटण्याऐवजी लाकूड फाटले तरच काम मंजूर. ज्याला बैलगाडीच्या चाकाला आरे बसवता येतात किंवा जुन्या वाड्याचे तख्तपोशीचे काम जमते, अशा कारागिराला हे शिकायला फार वेळ लागणार नाही. मात्र “एवढ्याने काय होतेय” हे वाक्य त्याने दाराबाहेर ठेवून यायला हवे.

लाकडानंतर कापड. इथे यवतमाळ जिल्ह्याने कान टवकारावेत. पंखाचा मागचा भाग, शेपटी आणि पुष्कळदा धडाचा काही भाग लाकडाने मढवलेला नसतो, त्यावर कापड ताणलेले असते. इंग्रज कारखाने जवसाचे लिनन वापरत, अमेरिकनांनी सुताला पसंती दिली. त्यांच्या ‘ग्रेड ए’ कापडाचे मानक प्रसिद्ध आहे. लांब धाग्याचा कापूस, उभे-आडवे इंचाला सुमारे ८० धागे, आणि एक इंच रुंदीच्या पट्टीने नवेपणी ८० पौंड, म्हणजे ३६ किलोच्या वर ताण सोसला पाहिजे. उन्हात कापड मरते. ही ताकद ५६ पौंडांच्या, म्हणजे सुमारे २५ किलोंच्या खाली गेली की सगळे कापड उतरवायचे, मग ते दिसायला कितीही चांगले असो.

ताणलेल्या कापडावर डोप नावाचे द्रावण थरावर थर देतात. ते वाळताना आकसते, कापड ढोलासारखे ताठ होते आणि हवा आरपार जात नाही. जुन्या पद्धतीचा डोप म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि त्याचा एक मुख्य कच्चा माल होता सरकीवरचा आखूड तंतू, जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर बीला चिकटून राहतो तो. बोंडातली लांब रुई कापडाला, सरकीवरची लव डोपला. एका अर्थी विमानाची सगळी कातडी पऱ्हाटीवरच पिकायची. आज बहुतेक जण पॉलिस्टर वापरतात. ते चिकटवून तापमान मोजलेल्या इस्त्रीने ताणतात, आणि ते सुताच्या कित्येक पट टिकते. हौशी मंडळींत यावरून दोन तट आहेत. मूळ सुती कापडच हवे असे म्हणणाऱ्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण वऱ्हाडच्या उन्हात ठेवायच्या ग्लायडरला पॉलिस्टर लावले तर कुणी नाक मुरडू नये. आणि एक सूचना कितीही बाळबोध वाटली तरी द्यायला हवी: उमरखेड परिसरात प्रशस्त, कोरडी, उंच छताची जागा म्हणजे बंद पडलेली जिनिंग किंवा तिचे गोदाम. काम करायला जागा उत्तम. पण नायट्रेट डोपची वाफ ठिणगीने पेटते आणि कापसाच्या आगी कशा असतात हे इथे कुणाला सांगायला नको. रुई ठेवलेल्या गोदामात डोपचा डबा उघडू नये.

रंगाच्या बाबतीत हौस आवरती घ्यावी लागते. प्रत्येक जास्तीचा हात म्हणजे वजन, आणि शेपटीकडे चढलेले वजन तोलायला नाकात त्याच्या कितीतरी पट शिसे टाकावे लागते, कारण शेपूट लांब आणि नाक आखूड. दुरुस्तीनंतर ग्लायडर तराजूवर चढवून गुरुत्वमध्य मोजल्याशिवाय ते कुणी उडवू देत नाही, देऊही नये.

इथवरचे सगळे हाताचे काम. खरा कस कागदांत लागतो.

विमान म्हणजे कायद्याच्या नजरेत वस्तूपेक्षा जास्त तिची कागदपत्रे. भारतात १९३४ चा विमान कायदा नव्वद वर्षे चालला. १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. ग्लायडरला इंजिन नसले तरी ते विमानच आहे. त्याला ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणी हवी, उडण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र हवे, आणि दुरुस्तीवर सही करणारा अधिकृत माणूस हवा. ती सही मिळण्यासाठी काढलेल्या प्रत्येक फासळीची, लावलेल्या प्रत्येक सांध्याची नोंद लागते. मूळ आराखडे, उड्डाणांच्या तासांची वही, आधीच्या अपघात-दुरुस्त्यांचे दाखले आणि धडावरची क्रमांकाची पट्टी, यांतले जे नसेल ते नंतर पैसे देऊन मिळत नाही. आतून-बाहेरून सुंदर पण वही हरवलेल्या ग्लायडरपेक्षा मोडक्या पंखांचे पण सगळी कागदपत्रे असलेले ग्लायडर घ्यावे. लाकूड नवे मिळते.

कागदाला किती वेळ लागतो याचे मराठी माणसाला माहीत असलेले उदाहरण म्हणजे कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीतल्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले, वाखाणले. नोंदणीचा कागद हाती पडायला मात्र नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि नोंदणी म्हणजे उड्डाणाचा परवाना नव्हे. तो टप्पा त्यानंतरचा. ते विमान नवे होते, इंजिनाचे होते, म्हणून तुलना तंतोतंत लागू होत नाही. पण एकट्या माणसाने, कारखान्याच्या पाठबळाशिवाय विमान उभे करायचे ठरवले की यंत्रणेपुढे कोणते प्रश्न उभे राहतात, हे त्यातून दिसते. नियम करताना अशा एकट्या माणसाचा विचार झालेला नसतो.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण ‘परशुराम’ या डाकोटा वाहतूक विमानाचे. उद्योजक-राजकारणी राजीव चंद्रशेखर यांनी २०११ मध्ये आयर्लंडमधून भंगारावस्थेतले एक डाकोटा विकत घेतले. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते. ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये ते स्वतःच्या पंखांवर भारतात आले आणि हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात दाखल झाले. शेपटीवर व्हीपी ९०५ हा क्रमांक, २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरात सैन्य उतरवणाऱ्या डाकोटाचा. पैसा, ओळख आणि स्वीकारायला तयार असलेले हवाई दल, हे तिन्ही असूनही सात वर्षे गेली.

मग उमरखेडच्या, पुसदच्या किंवा हदगावच्या माणसाने काय करावे? इथे सरळ दोन वाटा फुटतात आणि त्यांची सरमिसळ केली की माणूस फसतो. एक वाट उडवण्यासाठी दुरुस्तीची, दुसरी जतन करून उभे ठेवण्यासाठीची. उडवायचे असेल तर एकट्याने यात पडू नये असेच सांगावे लागते. ज्या संस्थेकडे आधीपासून ग्लायडर, तपासनीस आणि दोर ओढणारे विंच यंत्र आहे, तिच्या आसऱ्याने ते करावे. महाराष्ट्रात ती जागा म्हणजे पुण्यातले हडपसरचे ग्लायडिंग सेंटर, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीतले. अनेक दशके पुणेकरांनी आपल्या छपरांवरून निःशब्द घिरट्या घालणारी पांढरी विमाने पाहिली ती तिथलीच. ग्लायडर कसे वागते हे कळण्यासाठी, दुरुस्तीला हात घालण्याआधी, तिथे जाऊन ते उडवायला शिकणे हा सर्वांत शहाणपणाचा खर्च. ज्याने कधी स्टिकवर हात ठेवलेला नाही, त्याला सुकाणूच्या तारेचा ढिलेपणा फक्त कागदावरचा आकडा वाटतो.

देशातल्या ग्लायडिंगला पन्नासच्या दशकात सरकारनेच बाळसे दिले होते. १९५९ मध्ये जर्मनीची वैमानिक हॅना राइच भारतात आली. ग्लायडिंगचे केंद्र उभारण्यासाठी खुद्द पंतप्रधान नेहरूंचे आमंत्रण होते, आणि तिने त्यांना ग्लायडरमध्ये बसवून दिल्लीवर फिरवूनही आणले. बाईंचा नाझी राजवटीतला इतिहास काही विसरण्यासारखा नाही, आणि तो त्यांनी कधी मनापासून नाकारलाही नाही. पण एका पंतप्रधानाने इंजिन नसलेल्या विमानात बसण्याइतका या विद्येवर विश्वास टाकला होता, एवढे त्यातून घ्यावे.

दुसरी वाट लहान गावासाठी अधिक खरी आहे. उड्डाणाचा हक्क सोडून दिलेले एखादे जुने लाकडी ग्लायडर, नोंदणी रद्द झालेले, आयटीआयच्या सुतारकाम किंवा जोडारी विभागात, नाहीतर महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागात दुरुस्तीला घ्यायचे. कापड एका बाजूने चढवायचे आणि दुसरी बाजू उघडी ठेवायची, म्हणजे फासळ्या आणि स्पार दिसतात. विमानाचा पंख नेमका कुठे वजन सोसतो हे मुलांना फळ्यावर आकृती काढून जितके सांगता येते, त्याहून जास्त तो उघडा पंख सांगतो. इथे साग लावला तरी कुणाचा जीव जात नाही, पण लावू नये. जे उभे राहील ते खरे असावे. जुने क्लब, एनसीसीची हवाई पथके, विमान अभियांत्रिकीची महाविद्यालये अशा ठिकाणी निवृत्त ग्लायडरांची चौकशी करावी, रीतसर पत्राने आणि लिलावाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवून. रोहिणी मिळाले तर उत्तम: त्याचे शेजारी-शेजारी बसायचे उघडे आसन पाहणाऱ्या मुलांना लगेच कळते.

आणि उडण्याचा मोह? तो राहणारच, कारण वऱ्हाडचे उन्हाळी आभाळ ग्लायडरला अनुकूल आहे. मार्च-एप्रिलमध्ये पऱ्हाटी उपटलेली काळी वावरे सकाळी दहा वाजल्यापासून तापू लागतात. त्यांच्यावरची हवा सुटून वर चढते, आणि ती जिथून सुटते तिथे धुळीचा भोवरा उभा राहतो. त्या भोवऱ्याच्या बरोबर वर घारी पंख न हलवता चकरा मारत उंच जातात. ग्लायडर चालवणारा नेमके हेच करतो. घार दिसली की तो तिच्या खाली शिरतो. प्रश्न आभाळाचा नाही, जमिनीचा आहे. काळी माती उन्हाळ्यात इतकी भेगाळते की चाक अडकावे, आणि पावसात तिच्यात माणूसही रुततो. यवतमाळजवळ भारीची धावपट्टी आहे, पैनगंगा ओलांडून मराठवाड्यात नांदेडचा विमानतळ आहे. पण धावपट्टी असणे आणि तिथे ग्लायडिंगला मुभा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. सुरुवात वही, आराखडे आणि क्रमांकाच्या पट्टीपासून. मग ट्रेलरपाशी उभे राहून करायची तपासणी, आणि नाही म्हणून परत यायची कारणे, ती जरा सविस्तर. वाहतूक आणि साठवण त्यानंतर, कारण वाळवीचा बंदोबस्त ग्लायडर गावात पोचण्याआधी झालेला बरा. रंधा, शिकंजे आणि सरस चौथ्या प्रकरणात येतात. तिथवर वाचून होईपर्यंत हत्यारांच्या दुकानात जायची घाई करू नये, आणि विक्रेत्याला इसार तर मुळीच देऊ नये.